‘बरं’ म्हणजे काय, वन्सं?

ता. ६ जानेवारी

वन्सं,

फोन करत नाही. तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडायला लागले की समोरची शेजारीण दार किलकिलं करून उभी राहते. त्यापेक्षा कागद बरा. चौथीपर्यंत शिकले ते आता कामाला येतंय. ऱ्हस्व-दीर्घ बघू नका, मजकूर बघा.

माझ्या घोट्यावरची जखम तुम्हाला ठाऊक आहे. कपाटाचं दार लागलं होतं, त्याला दोन वर्षं झाली. भरते, उघडते, पुन्हा भरते, पुन्हा उघडते. गेल्या आठवड्यात मोठ्या दवाखान्यात गेले तर तिथे नव्या मलमाची चाचणी चाललीय. त्यांना जुन्या, हट्टी, न भरणाऱ्या जखमा हव्यात. म्हटलं, घ्या. शिकलेल्या लोकांना हवं असं माझ्याकडे जन्मात पहिल्यांदा काहीतरी निघालं.

डॉक्टर पोरगेलासा आहे. म्हणाला, "आजी, अर्ध्या लोकांना औषध घातलेलं मलम मिळेल, अर्ध्यांना साधं. दिसायला दोन्ही सारखी. कुणाला कुठलं मिळालं ते आम्हालाही माहीत नसतं."

"मग माहीत कुणाला?"

"संगणकाला."

"म्हणजे ज्याला पाय नाहीत त्याला."

तो हसला, पण सही घेतलीच.

मलम एक दिवसाआड लावायचं आणि त्यावर बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टी. पायाच्या शिरा ढिल्या पडल्यात, रक्त खाली साचतं, म्हणून जखम भरत नाही म्हणे. पट्टी ते वर ढकलते. पट्टी सगळ्यांनाच, मलम कुठलंही असो. ती बांधली की चपलेत पाय जात नाही. शेवटी माळ्यावरून तुमच्या दादांचे जुने जोडे काढले. ते होते तोवर आमचं दोघांचं कधी मापात बसलं नाही, आता बसतंय.

हीच चाचणी तुमच्या गावच्या दवाखान्यातही आहे, मी विचारून घेतलं. तुमच्या नडगीवरची जखमही वर्षभर चाललीय. जा आणि नाव घाला.

वहिनी


ता. १९ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र मिळालं. दहा ठिकाणी दीर्घाचा ऱ्हस्व केला आहेस, पण कळलं.

थोरला मला दवाखान्यात घेऊन गेला. जखम त्यांच्या अटीत बसली. एका पारदर्शक कागदावर तिची कड गिरवली, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढला. माझ्या लग्नातही माझा इतका नीट फोटो कुणी काढला नव्हता. तीन नळ्या मलम दिलं, आणि ती पायाला बांधायची लांबलचक पट्टी.

दुकानाचं चाललंय. सकाळी दोन जिने उतरून येते ती दुपारपर्यंत माझ्या खुर्चीत. वह्या, पेन्सिली, खोडरबर कुठे काय आहे ते अजून मलाच विचारतात. सुनेची आई हल्ली इथे येऊन राहिली आहे. तीही येऊन बसते दुकानात. बाई चांगली आहे. पाय चांगले आहेत तिचे.

बाकी बरं आहे.

तुझी वन्सं


ता. १० फेब्रुवारी

वन्सं,

माझी जखम लहान होतेय. रुपयाएवढी होती, आता शर्टाच्या गुंडीएवढी. जिला मी पट्टीवाली म्हणते ती नर्स आधीचे कागद आणि आताचा कागद एकावर एक ठेवून दाखवते. कड आत-आत सरकलेली दिसते.

मी तिला म्हटलं, "माझ्या नळीत खरं औषध आहे."

म्हणाली, "आजी, असं ठरवायचं नाही. आणि दुसऱ्या कुणाशी ताडूनही बघायचं नाही."

मी म्हटलं बरं. आणि घरी आल्या आल्या तुम्हाला लिहायला बसले. सांगा, तुमची केवढी झाली?

पाय उशीवर ठेवून बसायला सांगितलंय, ते मात्र माझ्या जिवावर येतं. सून घरभर राबतेय आणि मी संस्थानिकासारखी पाय वर करून. ती काही बोलत नाही, भांडी बोलतात.

वहिनी


ता. २१ फेब्रुवारी

वहिनी,

अभिनंदन. माझंही बरं आहे. गुंडी-बिंडी मी मोजली नाही, ते डॉक्टरांचं काम. मात्र गेल्या वेळी ते सगळ्यांसमोर म्हणाले, "इतकी स्वच्छ पट्टी आमच्याकडे कुणाचीच नसते." बाकीच्या बायका बघतच राहिल्या. आईने आम्हाला लावलेली सवय आहे ती.

वन्सं


ता. ५ मार्च

वन्सं,

तुमच्या आईने लावलेली सवय मला चाळीस वर्षं ऐकवलीत, आता पट्टीतूनही ऐकवा. माझी पट्टी दोन दिवसांत डागाळते आणि टाचेशी काळी होते. मी जमिनीवर चालते, काय करणार.

पण हे पत्र त्यासाठी नाही. काल तुमच्या थोरल्याचा फोन आला. "मामी," म्हणाला, "आईला पत्रातून विचार ना. तिच्या खोलीत वास येतो. आम्ही विचारलं की म्हणते बरं आहे. पाय बघू दे म्हटलं की म्हणते, दवाखान्यात बघतात तेवढं पुरे."

तर आता मी विचारते. ‘बरं’ म्हणजे काय, वन्सं? सासूबाई गेल्या त्या सकाळीही तुम्ही मला आई बरी आहे म्हणूनच सांगितलं होतंत. पोळी करपली तरी बरी, जावई पळून गेला तरी बरं. मला शब्द नको, जखम सांगा. केवढी आहे, पाझरते का, दुखते का. तीन ओळी पुरेत.

वहिनी


ता. १३ मार्च

वहिनी,

विचारलंस म्हणून सांगते. होती तेवढीच आहे, कदाचित थोडी मोठी. पाझरते. दुखते.

माझ्या नळीत साधंच असणार. लहानपणापासून सोडतीत माझं नाव कधी निघालं नाही, तुझं दरवेळी. माझ्या भावासारखा नवरा तुला मिळाला, यावरूनच काय ते समज.

थोरल्यालाच काय, कुणालाही हे कळवू नकोस. तुला शपथ आहे.

वन्सं


ता. १८ मार्च

वन्सं,

तुमच्या भावाबद्दल नंतर बोलू, त्याला सबंध वही लागेल.

या पत्रासोबत चपलेच्या खोक्यात घालून माझ्या दोन नळ्या पाठवतेय. पट्टीवालीने नव्या दिल्या त्याच, बूच न उघडलेल्या. माझी जखम आता मुगाच्या दाण्याएवढी आहे, तिला जुन्या नळीतलं बोटभर पुरतं. तुमचं तुम्ही थांबवा आणि माझं लावा. फक्त तुमच्या नळ्या परत देताना दवाखान्यात त्यांचं वजन करतात, तेव्हा लावताय तेवढं दर खेपेला तुमच्या नळीतून पिळून बेसिनमध्ये सोडा. माझ्या इथे मी सांगेन, हात सैल आहे, जास्त लागतं.

कुणाला बोलू नका. त्यांनी ताडून बघायचं नाही म्हटलंय, वाटून घ्यायचं नाही असं कुणी म्हटलेलं नाही.

वहिनी


ता. २५ मार्च

वहिनी,

खोकं मिळालं. थोरल्याला सांगितलं, वहिनीने चपला पाठवल्या. म्हणाला, घालून दाखव. म्हटलं, लहान होतात.

तुझं मलम लावायला लागले. हाताला माझ्यासारखंच लागतं, वासही तोच. पण तू म्हणतेस तर असेल फरक. दोन दिवसांत ठणका कमी वाटला.

बरं आहे.

वन्सं


ता. ११ एप्रिल

वन्सं,

तुम्ही दवाखान्यात आहात हे थोरल्याकडून कळलं. तो म्हणाला पत्र खाटेपर्यंत पोचवीन. बाकी कुणाला दाखवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. इथे लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, मी सगळं सांगून बसलेय.

झालं ते असं. मंगळवारी थोरल्याचा फोन आला. तुम्हाला ताप भरला, पाय गुडघ्यापर्यंत लाल झाला, सुजला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही लावलंत का, तर तुम्ही म्हणालात नाही. पट्टी नीट बांधता का, तर हो. मग त्यांच्यापुढे एकच गोष्ट उरली: नवं मलम. थोरला म्हणाला, "मामी, ते मलमच बाधलं म्हणतायत. सगळ्या गावांतली चाचणी थांबवायची का, त्याची बैठक आहे."

मी फोन ठेवला आणि दादांचे जोडे घालून दवाखान्यात गेले. पट्टीवाली कुणाचा तरी पाय धूत होती. मी म्हटलं, "तो पाय राहू दे, माझं ऐक."

तिने हातमोजे काढेपर्यंत मी सगळं सांगून टाकलं. नळ्या, खोकं, बेसिन. ती खुर्चीत बसली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं, पण ओरडली नाही.

म्हणाली, "आजी, दोनशे माणसं आहेत यात. त्यांच्या पायांवरून आम्ही ठरवणार की हे औषध पुढच्या हजारोंना द्यायचं की नाही. चांगलं असून बंद केलं तरी वाईट, आणि निकामी असून चालू ठेवलं तरी वाईट. तुम्हा दोघींच्या पायांनी आम्हाला दोन खोटी उत्तरं दिली."

मी म्हटलं, "माझा पाय खोटं बोलला नाही. मी बोलले."

"तेच," म्हणाली.

मग पोरगेल्या डॉक्टरला बोलावलं, त्याने तुमच्या डॉक्टरांना फोन लावला. आता आपल्या दोघींचे पाय त्यांच्या मोजणीतून काढलेत. मलमपट्टी चालू राहील, ती बंद करत नाहीत. तुम्ही मला शपथ घातली होती ती मी मोडली. मोडायलाच हवी होती. तुम्हाला ताप माझ्या मलमाने आला असेल तर तेही डॉक्टरांना कळायला नको का?

लवकर उत्तर द्या. ‘बरं आहे’ सोडून काहीही लिहा.

वहिनी


ता. १६ एप्रिल

वहिनी,

ताप उतरला. घरी आले.

सुनेसमोर, तिच्या आईसमोर, डॉक्टरांनी मला विचारलं, "आजी, खोटं का सांगितलंत?" एवढं वय झालं, पण मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. सुनेच्या आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, खिडकीबाहेर बघत राहिली. तिने हसून टाकलं असतं तर परवडलं असतं.

तू मला आधी लिहायला हवं होतंस. मग गेली असतीस सांगायला.

वन्सं


ता. २ मे

वन्सं,

आधी तुम्हाला लिहिलं असतं तर पत्र पोचेपर्यंत त्यांची बैठक आटपली असती. रागवा, पण वाचा.

असं काही झालं की त्यांना त्या संगणकाचं कुलूप उघडायची परवानगी असते. त्यांनी ते उघडलं. काल पट्टीवालीने मला बसवून सांगितलं. खरं औषध तुमच्या नळीत होतं. माझ्या नळीत साधं. मी तुमचं खरं औषध बेसिनमध्ये सोडायला लावलं आणि माझा नुसता गिलावा तुमच्या नडगीवर थापला. सोडतीत नाव तुमचं निघालं होतं, वन्सं, आणि चिठ्ठी मी फाडली.

हे मी दोनदा लिहिलं आणि खोडलं. तिसऱ्यांदा तसंच राहू देते.

ताप मात्र दोन्ही मलमांमुळे नाही, असं तुमचे डॉक्टर म्हणतात. साचलेल्या सुजेत जंतू शिरले. चाचणी चालू आहे.

माझी जखम बंद झाली. वर गुलाबी पातळ कातडी आलीय, नखाएवढी. साध्या मलमावर भरली. मी पट्टीवालीला म्हटलं, "मग माझी भरली कशाने?" म्हणाली, "घट्ट पट्टीने आणि पाय वर ठेवल्याने. निम्म्याअधिक जखमा त्यानेच भरतात. म्हणून तर ती सगळ्यांनाच देतो. त्यावर औषधाने आणखी काही होतं का, तेवढंच आम्हाला बघायचंय."

मग तिने विचारलं, तुमच्या वन्संच्या जखमेला खरं औषध आणि घट्ट पट्टी दोन्ही होतं, तरी ती तसूभर हलली नाही, ते कसं. मी म्हटलं, मला काय ठाऊक, त्यांची पट्टी तर सगळ्यांत स्वच्छ असते, डॉक्टरांनी नावाजलीय.

तिने हातातला कागद खाली ठेवला. म्हणाली, "आजी, पाझरणाऱ्या जखमेची पट्टी स्वच्छ कशी राहील?"

वन्सं, मी चौथी शिकलेली बाई. पण दोन वर्षं पट्ट्या धुतल्यात. हे मला तुमचं फेब्रुवारीतलं पत्र वाचतानाच कळायला हवं होतं, पण तुमच्या आईची सवय मधे आली आणि मी चिडण्यात गुंग झाले.

आता मी तुम्हाला एकच विचारते. पट्टी स्वच्छ कशी राहते?

वहिनी


ता. २३ मे

वहिनी,

उत्तर द्यायला वेळ लावला. तीन पत्रं लिहिली, तिन्हींत बरं आहे असं निघालं, म्हणून फाडली.

पट्टी मी बांधतच नव्हते. दवाखान्यात जायच्या दिवशी, गाडीतून उतरायच्या आधी गुंडाळायची, आणि घरी आले की सोडून घडी करून ठेवायची. म्हणून स्वच्छ. डॉक्टरांनी नावाजली तेव्हा मला खरंच आनंद झाला होता, यावर तुझा विश्वास बसणार नाही.

बांधली की जोड्यात पाय जात नाही. जोड्याशिवाय दोन जिने उतरता येत नाहीत. नाही उतरले तर खुर्चीत सुनेची आई बसते. पहिल्याच आठवड्यात मी दोन दिवस वर राहिले होते, तिसऱ्या दिवशी खाली गेले तर खोडरबरांचा डबा दुसऱ्या खणात. कुणी वाईट वागलं नाही. उलट म्हणाले, "आई, आता तुम्ही वर आराम करा." वहिनी, एकदा वर बसले की मी वरचीच झाले. वरच्या माणसाला जेवण पोचतं, औषध पोचतं, कुणी प्रश्न विचारायला येत नाही. मी दुसऱ्यांच्या घरांत बघितलंय ते.

तेव्हा चिठ्ठी तू फाडलीस म्हणू नकोस. औषध असूनही ते बिचारं एकटं काय करणार होतं. तुझं मलम आलं तेव्हा ठणका कमी झाला असं लिहिलं, तेही खरं नव्हतं. तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं.

आता जखम तुझ्या पद्धतीने सांगते. दोन रुपयांएवढी. पाझरते. सकाळी कमी दुखते, उभी राहिले की जास्त. डॉक्टर म्हणाले, आता तरी तीन महिने पट्टी सोडायची नाही, नाहीतर मांडीची कातडी काढून लावावी लागेल, आणि तीही धरेल याची खात्री नाही. थोरल्याला सगळं सांगितलं, जोड्यांचंसुद्धा. तो म्हणाला, आई, खुर्चीला हात लावू देत नाही कुणाला. चांगला मुलगा आहे. पण मी वर आणि खुर्ची खाली रिकामी, हे मला रोज बघवणार नाही.

तुझ्या लग्नानंतर मी तुझ्या घरी कधी दोन दिवसांवर राहिले नाही. का, ते तुलाही माहीत आहे. तू माझ्या आईच्या स्वयंपाकघरात डबे हलवलेस, ते मला रुचलं नव्हतं. आता कळतंय, तेव्हा आईला काय वाटलं असेल, आणि तुलाही.

तुझं घर तळमजल्यावर आहे. पट्टी घट्ट कशी बांधायची ते तुला येतं, आणि मी सोडायला लागले तर तू हातावर मारशील. तीन महिने येऊन राहू का? भरली की परत माझ्या खुर्चीत जाईन.

नको असेल तर स्पष्ट लिही. बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

तुझी वन्सं


ता. २७ मे

वन्सं,

बरं.

दादांच्या जोड्यांचा दुसरा जोड होता माळ्यावर. पुसून, नाड्या बदलून दाराशी ठेवलाय.

वहिनी